ऐन हा ओक नाही, आणि अर्जुनही नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला गावच्या तीन ग्रुपवर आला. सोबत एका झाडाचा फोटो आणि खाली मजकूर: 'हा आपला कोकणातला देशी ओक, म्हणजे ऐन. यालाच अर्जुन म्हणतात. साल उकळून रोज प्या, हार्टचे ब्लॉकेज जातात. उन्हाळ्यात खोडाला छेद दिला की प्यायचं पाणी मिळतं. लाकूड जळणापलीकडे कामाचं नाही आणि तोडायला परवानगी लागत नाही.' पाठवणारी सगळी ओळखीची, भल्या मनाची माणसं. पण आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, पऱ्ह्यालगतचा (ओढ्याकाठचा) एक ऐन पुरुषभर उंचीपर्यंत चहूबाजूंनी सोललेला पाहिला आणि गप्प बसवेना. साल अशी गोल काढली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरत नाही. ते झाड आता उभ्याउभ्या वाळणार.

आधी ओकचं बघू. ओकचं फळ छोट्या वाटीत बसवल्यासारखं असतं, गुळगुळीत आणि टोकदार. असं फळ धरणारं एकही ओकचं झाड सह्याद्रीच्या रानात आपणहून उगवत नाही. भारतातले ओक हिमालयात आणि ईशान्येकडे; उत्तराखंडातला बांज त्यांतलाच. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'इंडियन ओक' हे नाव सापडतं, पण ते पाणथळीतल्या समुद्रफळाला दिलेलं. नर्सरीतला सिल्व्हर ओक तर ऑस्ट्रेलियाचा, तोही ओक नव्हे. मला वाटतं घोटाळा टसर रेशमामुळे झाला असावा: विदर्भात टसरचे किडे ऐनावर वाढवतात, मणिपुरात त्यांचे भाऊबंद ओकवर.

ऐन आणि अर्जुन मात्र एकाच कुळातले, हिरडा-बेहड्याचे सख्खे. म्हणून कुणी फसलं तर नवल नाही, पण हाताला दोन्ही वेगळे लागतात. ऐनाची साल काळपट, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकडे पडलेली, थेट मगरीची पाठ. अर्जुनाचं खोड पांढरट, गुळगुळीत, त्याचे पातळ पापुद्रे निघतात, आणि झाड बहुतेक नदीकाठी. पाच पंख दोघांच्याही फळांना असतात; ऐनाचे रुंद आणि कागदासारखे, त्यांवरच्या रेषा देठापासून नव्हे तर मधल्या कण्यापासून सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाचे पंख अरुंद आणि टणक, रेषा वर वळलेल्या. ऐनाचं पान उलटं करून देठाजवळ शिरेवरून बोट फिरवा, दोन बारीक गाठी लागतात.

गंमत म्हणजे मेसेजमधला फोटो या दोघांचाही नाही. शेंड्याला विटकरी रंगाचे भरगच्च झुपके दिसतायत, प्रत्येक फळाला एक मोठा पंख आणि दोन इवलेसे. तो किंजळ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावलोपावली दिसणारा, पावसाळा सरताना फुलणारा.

औषधाचा मुद्दा सगळ्यांत गंभीर. आयुर्वेदात हृदयासाठी साल सांगितली आहे ती अर्जुनाची. ऐनाची नव्हे. आणि अर्जुनाच्याही काढ्याने ब्लॉकेज निघून जातात याला पुरावा नाही. ऐनाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, इतकं, की नायलॉन येण्याआधी कोळी लोक सुताची जाळी तिच्या उकळलेल्या पाण्यात बुडवून काढत, म्हणजे खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत नसत. चुनाही इतका, की सालीची राख पानाला लावून खात. जाळ्याला चांगलं ते पोटाला चांगलं असं नसतं. कुणी या मेसेजवर विसंबून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या असतील तर आजच सुरू करा.

पाण्याची गोष्ट अर्धी खरी. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनकर्मचाऱ्यांनी ऐनाला छेद दिला आणि पाण्याची धार लागली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पण असं पाणी थोड्याच झाडांत साठतं, आणि ते झाड कोणतं हे तिथल्या जाणत्या आदिवासींना ठाऊक. आपण कोयता घेऊन दहा झाडांना जखमा करू, आणि त्या जखमांतून बुरशी आणि कीड आत शिरेल.

लाकूड कामाचं नाही? जुन्या घरांचे खांब, वासे, बैलगाड्या, नांगर, होड्यांचे भाग, कशाकशाला ऐन लागलाय! लाकूड जड, गर्द तपकिरी, आत काळ्या रेघा. घाईने वाळवलं की तडकतं आणि बाहेरचं पांढरं लाकूड किडतं, ही त्याची खोड. पण सावलीत सावकाश वाळवलेला गाभा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायची तीही ऐनाची. आणि त्याच खडबडीत सालीला धरून सीतेची वेणी हे ऑर्किड फुलतं.

राहिली परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐनही आहे आणि किंजळही. म्हणजे झाड फोटोतलं धरा की मजकुरातलं, स्वतःच्या मालकीच्या जागेत असलं तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावीच लागते.