सैनिकाच्या गुन्ह्याची बातमी मोठीच हवी

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर योकोहामाला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एक मजकूर टाकला आणि त्यानंतर दिवसभर माझे कशातच लक्ष लागले नाही. जपानच्या ओकिनावा प्रांतातल्या तळांवर राहणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या गुन्ह्यांविषयी जपानी वाहिन्या सतत बोलत असतात, याचा त्याला कंटाळा आला आहे. त्याचे म्हणणे असे की स्थानिक माणसे त्याहून कितीतरी जास्त गुन्हे करतात, त्यांची बातमी दोन ओळींत आटोपते, आणि एखाद्या सैनिकाने काही केले की महिनाभर तेच दळण चालते. हा पक्षपात नाही तर दुसरे काय? त्यावर घरच्या पाच-सहा जणांनी लगेच अंगठे उमटवले. त्यांत माझे एक चुलतदीरही होते, जे २०१२ मध्ये केरळच्या मच्छीमारांना मारणाऱ्या इटालियन नौसैनिकांबद्दल जेवणाच्या पंगतीत तावातावाने बोलत असत. घरच्या ग्रुपवर वाद घालायचा नाही असा मी नियम केला आहे, म्हणून इथे लिहिते. इथल्या मंडळींना मला काय म्हणायचे आहे ते समजेल याची खात्री आहे.

मी इंदूरमधल्या एका हिंदी दैनिकात बरीच वर्षे उपसंपादक होते, हे जुन्या मित्रमैत्रिणींना ठाऊक आहेच. १९९५ च्या ऑक्टोबरातली एक रात्रपाळी माझ्या मनातून कधी गेली नाही. त्या रात्री एजन्सीकडून ओकिनावाची बातमी आली होती: गिनोवान शहरात ८५ हजार माणसे निषेधासाठी एकत्र आली होती. ४ सप्टेंबरला तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीला गाडीत ओढून नेऊन तिच्यावर बलात्कार केला होता. संशयित कोण आहेत हे जपानी पोलिसांना कळले होते, पण आरोपपत्र दाखल होईपर्यंत ते अमेरिकी तळाच्याच ताब्यात राहिले, कारण जपान आणि अमेरिका यांच्यातल्या १९६० च्या करारात तशी तरतूद होती. मी ही बातमी तीन कॉलमांत लावली. रात्रीच्या प्रमुखांनी ती कापून आतल्या पानावर चार ओळींची केली, कारण तेवढ्यात शहराच्या गुन्हे वार्ताहराची बातमी येऊन पडली होती. मालवा मिलच्या मागच्या वस्तीतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने रस्त्याने चाललेल्या बाईच्या गळ्यातली साखळी ओढली होती. बातमीत त्या मुलाचे नाव, वडिलांचे नाव, वडील मिलच्या कोणत्या खात्यात कामाला होते ते, गल्लीचा क्रमांक आणि ही वस्ती बदमाशांचा अड्डा झाली आहे असे एक वाक्य, एवढे सगळे छापून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाची आई कार्यालयात आली. तिच्या हातात वर्तमानपत्राचा चौघडी घातलेला तुकडा होता आणि त्यात एका नावाखाली कोणीतरी निळ्या बॉलपेनने रेघ मारून दिली होती, कारण तिला स्वतःला वाचता येत नव्हते. तिने त्या रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाली, “लड़के ने किया है तो सज़ा दो, पर उसके बाप ने किसका क्या चुराया है?” कोणीही उत्तर दिले नाही. प्रमुखांनी शिपायाला तिला पाणी द्यायला सांगितले आणि ती पाणी न पिताच गेली.

माझ्या भाच्याने मांडलेला हिशेब मला मान्य नाही, त्याचे मूळ त्या रात्रीच्या पानात आहे. स्थानिक माणसाने गुन्हा केला की त्याच्यासाठी पोलीस आहेत, कोठडी आहे, न्यायालय आहे आणि तुरुंग आहे. वर्तमानपत्राने एक ओळही छापली नाही तरी ही यंत्रणा तिच्या गतीने चालतेच. परक्या सैन्यातला माणूस गुन्हा करतो तेव्हा ही यंत्रणा तळाच्या फाटकापाशी येऊन थबकते. तो त्या वेळी कामावर होता की सुटीवर होता, हे आधी ठरते, आणि कामावर होता असा दाखला त्याचेच अधिकारी देतात. घरच्या मुलाने शेजारच्याची काच फोडली तर त्याचा कान धरता येतो. पण घरी उतरलेल्या पाहुण्याने फोडली, आणि पाहुण्याला जाब विचारायचा नाही असे आजोबा कधीकाळी कागदावर लिहून देऊन बसले असतील, तर ओरडण्याखेरीज घरच्यांच्या हातात काय उरते? वाहिन्या ज्याला लावून धरतात ती बातमी त्या कागदाची असते.

आकड्यांत बघितले तर लोकसंख्येच्या प्रमाणात सैनिकांचे गुन्हे कमी भरतील, मान्य. पण टक्केवारीच काढायची असेल तर हीसुद्धा काढावी: ओकिनावा म्हणजे जपानच्या एकूण जमिनीपैकी सुमारे ०.६ टक्के, आणि जपानमधल्या केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन त्या एका प्रांतात आहे. १९४५ पासून १९७२ पर्यंत तर तो प्रांत सरळ अमेरिकेच्याच अमलाखाली होता. १९७० च्या डिसेंबरात कोझा गावात लोकांनी रात्रभर अमेरिकनांच्या गाड्या जाळल्या, त्याला निमित्त एका अपघाताचे होते. पण एका ओकिनावी बाईला गाडीखाली चिरडणारा सैनिक लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटल्याचा संताप त्यामागे आधीपासून साचलेला होता. असा इतिहास पाठीशी असलेल्या माणसाला ‘तुमचेही लोक गुन्हे करतात’ असे ऐकवणे मला अत्यंत निष्ठुर वाटते.

आणि सैनिकाच्या स्वतःच्या देशात काय छापून येते, याचा विचार माझ्या घरच्या अंगठेवाल्यांनी केला आहे का? १९५७ मध्ये जपानच्या सोमागाहारा गोळीबार मैदानावर रिकामी काडतुसे वेचणाऱ्या सहा मुलांच्या आईला गिरार्ड नावाच्या अमेरिकी सैनिकाने मारले. त्यावर अमेरिकेत गदारोळ उठला तो आपल्या पोराला जपानी न्यायालयाच्या हवाली कसे काय करता म्हणून! प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने हवाली करायला परवानगी दिली, आणि अखेर जपानी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावून तीही स्थगित केली. १९९५ च्या त्या मुलीच्या प्रकरणात तर पॅसिफिकमधल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख अ‍ॅडमिरल रिचर्ड मॅकी पत्रकारांसमोर म्हणाले की गाडी भाड्याने घ्यायला त्या सैनिकांनी जेवढे पैसे घातले तेवढ्यात त्यांना एखादी मुलगी मिळाली असती. बारा वर्षांच्या मुलीबद्दल बोलणे चालले होते! त्यांना पद सोडावे लागले, ते पत्रकारांनी ते वाक्य छापले म्हणून. हे लिहितानासुद्धा माझा हात थरथरतो आहे.

दक्षिण कोरियात २००२ च्या जूनमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघालेल्या दोन शाळकरी मुली अमेरिकी लष्करी वाहनाखाली चिरडल्या गेल्या. तेव्हा तिथे फुटबॉलचा विश्वचषक चालू होता आणि बातमी त्या गर्दीत बुडून गेली. नोव्हेंबरात वाहनावरचे दोन्ही सैनिक अमेरिकी लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटले, तेव्हा कुठे लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, आणि तेही इंटरनेटवरच्या एका साध्या आवाहनावरून.

आता आपल्या घरचे उदाहरण. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ एन्रिका लेक्सी या तेलवाहू जहाजावरच्या दोन इटालियन नौसैनिकांनी सेंट अँटनी नावाच्या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार ठार झाले. ते चाचे असावेत असे वाटले, ही त्यांची बाजू. माझ्या चुलतदिरांसकट आपण सारे तेव्हा पेटून उठलो होतो, आणि ते योग्यच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीजवळ फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हा फेरारीच्या गाड्या त्या दोघांच्या समर्थनार्थ इटालियन नौदलाचे चिन्ह लावून आपल्याच भूमीवर धावल्या. पुढच्या वर्षी मतदानासाठी म्हणून मायदेशी गेलेल्या त्या दोघांना परत पाठवणार नाही असे इटलीने जाहीर केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इटलीच्या राजदूतांना देश सोडायला मनाई केली, तेव्हा ते नौसैनिक परत आले, आणि त्यांना परत पाठवल्याच्या निषेधार्थ इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामा दिला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला की ते सरकारी काम करत असल्यामुळे भारतात त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, मात्र भारताला भरपाई मिळावी. १० कोटी रुपये आले आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथले प्रकरण बंद केले. पुढे २०२२ मध्ये रोममध्येही ते गुंडाळले गेले.

फेरारीच्या गाडीवरचे ते चिन्ह दूरचित्रवाणीवर पाहिले तेव्हा मला मालवा मिलची ती बाई आठवली होती. तिच्या मुलाने एक साखळी ओढली आणि त्याचा डाग बापावर, गल्लीवर आणि अख्ख्या वस्तीवर पडला. इकडे दोन जिवांच्या बदल्यात एका अख्ख्या देशाने आपले निशाण पुढे केले. स्थानिक आरोपीची बातमी छोटी आणि सैनिकाची मोठी असते, असे म्हणणाऱ्याने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. स्थानिकाच्या बातमीला कॉलम कमी मिळाले तरी तिचा घाव त्याच्या घरादारावर बसतो.

आपल्या मराठी माणसांना तर हे शिकवावे लागू नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी पुण्यातल्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथल्या वर्तमानपत्रातून मांडला. ते परत आल्यावर ज्यांनी त्यांना हे कळवले होते त्यांतले कोणीही पुढे येऊन साक्ष द्यायला तयार झाले नाही, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. टिळकांना त्याच वर्षी ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आरोप पुराव्यानिशीच करावा, हे खरेच आहे. पण ज्या गावात बंदूक सोजिराच्या हातात आहे तिथे साक्षीदार पुढे का येत नाही, हे विचारणे वर्तमानपत्राचे काम आहे. १९०२ मध्ये सियालकोटला ९ व्या लान्सर्स पलटणीतल्या सैनिकांनी एका हिंदी आचाऱ्याला मरेस्तोवर मारले. गुन्हेगार शोधून देत नाहीत म्हणून व्हाइसरॉय कर्झनने साऱ्या पलटणीच्या रजा रद्द केल्या, तर दुसऱ्या वर्षीच्या दिल्ली दरबारात ती पलटण समोरून गेली तेव्हा जमलेल्या युरोपियनांनी मुद्दाम तिचा जयजयकार केला. त्या आचाऱ्यासाठी लिहिणारे कोणी असेल तर ती देशी वर्तमानपत्रेच होती.

इथवर लिहिले आणि थोडा वेळ थांबले, कारण पुढचे लिहायला जड जाते. महूची लष्करी छावणी इथून पाऊण तासावर आहे, माझ्या यादीतल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी फौजेत होते किंवा आहे, आणि त्या घरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत आपली शांतिसेना होती आणि आपले सुमारे १,२०० जवान तिथे कामी आले. त्याच काळात, १९८७ च्या दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी, झालेल्या चकमकीत ते सापडले, असे आपल्या लष्कराचे म्हणणे आहे. तिथून जिवंत वाचलेल्यांचे म्हणणे वेगळे आहे. जाफन्यातल्या आईने बोट ठेवून विचारावे असा कागदाचा तुकडासुद्धा आपल्याकडे छापला गेला नाही, आणि तिलाही काही विचारायचे असेल, हे आपण कधी मनावर घेतले नाही. इटलीचे लोक आपल्या पोरांसाठी जसे वागले तसे आपणही वागतो, एवढेच मला म्हणायचे आहे. यात कोणत्याही फौजी घराचा अवमान करण्याचा हेतू नाही, आणि तसा कोणी समज करून घेणार नाही असा विश्वास आहे.

आता ज्यावरून हे सारे सुरू झाले त्या ओकिनावाविषयी. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे अमेरिकी हवाई दलातल्या एकाने सोळा वर्षांखालच्या एका मुलीला गाडीत नेऊन तिच्यावर अत्याचार केला. मार्च २०२४ मध्ये त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले. एप्रिलमध्ये जपानचे पंतप्रधान वॉशिंग्टनला सन्मानाने जाऊन आले, जूनमध्ये ओकिनावाच्या प्रांतिक सभेची निवडणूक पार पडली, २३ जूनला युद्धातल्या मृतांचा स्मृतिदिनही झाला, आणि या सगळ्या काळात ओकिनावाचे राज्यपाल डेनी तामाकी यांना या प्रकरणाची माहिती कोणीही दिली नव्हती. २५ जूनला माध्यमांनी ते बाहेर काढले तेव्हा त्यांना कळले. मुलीची ओळख जपण्यासाठी गुप्तता पाळली, असे सरकारने सांगितले. ओळख जपायलाच हवी, त्याविषयी दुमत नाही, पण त्यासाठी राज्यपालांना अंधारात ठेवण्याची काय गरज होती? ज्या गावातल्या मुलींना संध्याकाळी शिकवणीहून एकटे घरी यायचे असते त्या गावाला सहा महिने काहीच ठाऊक नव्हते. बातमी फुटल्यानंतर, जुलैमध्ये, अशा प्रकरणांची माहिती यापुढे प्रांताच्या प्रशासनाला दिली जाईल असे टोकियोच्या सरकारला जाहीर करावे लागले. डिसेंबरात नाहाच्या न्यायालयाने त्या सैनिकाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली.