ग्रुपबाय आधी का शिकवले नाही?

नमस्कार. किराण्याच्या यादीतील जिन्नस प्रकारानुसार वेगळे करण्याच्या माझ्या पायथनच्या पाठावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जे काम पायथनच्या आयटरटूल्स मॉड्यूलमधील ग्रुपबाय हे गट पाडणारे फंक्शन दोन ओळींत करते, त्यासाठी मी नवशिक्यांना लूप (एकेक घटक घेऊन तेच काम पुन्हा करणे) आणि डिक्शनरी (प्रत्येक नावाखाली, म्हणजे ‘की’खाली, माहिती ठेवणारी रचना) यांच्या लांबच्या वाटेने नेले, हा पहिला. आणि क्रमवारी लावल्यावर केळी केशराच्या आधी का येतात हे सांगितले नाही, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. ग्रुपबाय सगळी यादी पाहून गट करीत नाही. ते फक्त लागोपाठ आलेले एकाच प्रकारचे घटक एकत्र घेते आणि प्रकार बदलला की नवा गट सुरू करते. यादीचा क्रम कांदा, तांदूळ, बटाटा असा असेल, तर भाजी, धान्य आणि पुन्हा भाजी असे तीन गट पडतात, आणि आपण सुचवल्याप्रमाणे ते एका ओळीत डिक्शनरीत भरले, तर दुसरा भाजीचा गट पहिल्याची जागा घेतो आणि कांदा नाहीसा होतो. एरर मात्र येत नाही. अनुभवी माणूस आधी त्याच ‘की’नुसार, म्हणजे येथे प्रकारानुसार, यादी सॉर्ट करून (क्रमाने लावून) घेतो, त्यामुळे त्याला ही अट जाचत नाही. परंतु एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील ग्रुप बाय आधी शिकून आलेला विद्यार्थी येथे सहज फसतो, कारण तेथे अशी अटच नसते.

लूपमध्ये प्रत्येक जिन्नस घ्यायचा, त्याच्या प्रकाराची ‘की’ डिक्शनरीत नसेल तर तेथे रिकामी लिस्ट ठेवायची आणि जिन्नस तिला जोडायचा, एवढेच घडते, आणि मूळ क्रम कसाही असला तरी उत्तर बरोबर येते. शिवाय पायथन ३.७ पासून डिक्शनरी कींचा क्रम राखते, म्हणून जो प्रकार यादीत आधी आला तोच आधी छापला जातो. ‘नसेल तर’ ही तपासणी खटकत असेल, तर कलेक्शन्स मॉड्यूलमधील डिफॉल्टडिक्ट, म्हणजे नसलेल्या ‘की’साठी रिकामी लिस्ट आपोआप ठेवणारी डिक्शनरी, ती वाचवते. तारखेनुसार आधीच लावलेली, मेमरीत न मावणारी मोठी फाइल वाचताना मीही ग्रुपबायच वापरतो.

केळ्यांबाबतची आपली शंका रास्त आहे. क्रमवारी लावणारे सॉर्टेड हे फंक्शन अक्षरांचे युनिकोड क्रमांक (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले क्रमांक) पाहते, आणि तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर, म्हणजे ‘श’च्या आधी बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. ‘की’ फंक्शनमध्ये, म्हणजे शब्दाचे तुलनेपुरते रूप देणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘ळ’च्या जागी अवग्रह (ऽ) ठेवून तुलना केली, तर केशर आधी येते, कारण अवग्रहाचा क्रमांक ‘ह’नंतरचा, पण काना-मात्रांच्या आधीचा आहे. मूळ शब्द त्याने बदलत नाहीत, कारण ‘की’ केवळ तुलनेपुरती वापरली जाते.