घासणीने सिलेंडर वाचत नाही, काकू!

"बर्नरवर स्टीलच्या घासणीची जाळी पसरा, स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद करा. स्टीलमधल्या निकेलमुळे जळलेल्या गॅसचा कार्बन डायऑक्साइड पुन्हा मिथेन होतो, सिलेंडर दुप्पट चालतो. नोबेल मिळालेला शोध, कंपन्यांनी दडपला!" असा मेसेज सध्या नाशिकभर फिरतोय. सिडकोतल्या माझ्या काकूंनी तो नुसता पुढे पाठवला नाही, करूनही पाहिला. घासणी उसवून बर्नरवर पसरली आणि खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. थंडीचे दिवस, त्यामुळे घरात कुणी हरकतही घेतली नाही.

आधी खिडकीचं बोलू, बाकीचं गेलं चुलीत. ज्योतीत धातूचा गुंता आला की ती थंड पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस जरा पडतो आणि कधीकधी उठत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं जातात ती याच वायूने. काकूंच्या पातेल्यांची बुडं काळी झाली होती, ज्योत पिवळी झाली होती. मेसेज म्हणतो, काजळी म्हणजे "कार्बन पकडल्याची खूण". धन्य आहे! ती अर्धवट जळण्याची खूण आहे. असं दिसलं की बर्नर बंद करायचा आणि खिडकी सताड उघडायची.

आता निकेल. नेहमीच्या 304 प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण 8 टक्के निकेल असतं, पण ते लोखंड-क्रोमियममध्ये मुरलेलं. उत्प्रेरक म्हणून, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवायला, लागतं ते ॲल्युमिनासारख्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडसारख्या) आधारावर पसरलेलं अतिसूक्ष्म निकेल, तेही आधी हायड्रोजनमध्ये तापवून तयार केलेलं. आणि गॅसला मुद्दाम जो वास देतात, त्या संयुगात गंधक असतं. गंधक म्हणजे निकेलचा काळ, त्याने उत्प्रेरक निकामी होतो.

मुख्य प्रश्न मेसेजवाल्याला पडलेलाच नाही: हायड्रोजन कुठून आणणार? कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे चार रेणू लागतात, तेव्हा एक मिथेन आणि दोन पाणी मिळतं. ज्योतीतून निघणाऱ्या वाफेत हायड्रोजन असतो, पण तो जळून चुकलेला. पिठाचे पुन्हा गहू करायला निघालात!

पाण्यातून विजेने हायड्रोजन काढायचा तर किलोमागे 50 युनिटच्या वर वीज जाते. 14.2 किलोच्या सिलेंडरइतकी उष्णता द्यायला सुमारे 13 किलो मिथेन लागेल, त्याला साडेसहा किलो हायड्रोजन, म्हणजे सव्वातीनशे युनिट. तेवढ्या विजेत इंडक्शनवर दुप्पट स्वयंपाक होईल.

बरं, कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करण्याची मूळ अभिक्रिया खरी आहे, हे नाइलाजाने मान्य. फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी सांदेराँ यांच्यासोबत ती 1902 मध्ये दाखवली, पण 300-400 अंश तापमानाला आणि शुद्ध हायड्रोजन देऊन. जर्मनीत वेर्ल्टे इथे 2013 मध्ये असा मिथेन बनवायला सुरुवात झाली, पवनविजेच्या जोरावर.

आणि "दडपला" म्हणे! साबातिएंना 1912 चं नोबेल जाहीरपणे मिळालं, अभिक्रियेला नावही त्यांचंच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 2010 मध्ये हीच यंत्रणा बसवली, पण पाण्यासाठी. तयार झालेला मिथेन तिथे चक्क बाहेर सोडून देत.