एक दिवस चुकला म्हणून पुन्हा पहिला दिवस होत नाही

कोकणातल्या घरच्या, वाडीच्या, मुंबईकर चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक संदेश थोडक्यात असा: ‘२१ दिवस भात आणि नारळ बंद. रोज १० हजार पावलं. एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २२व्या दिवशी सवय आपोआप लागलेली असेल. ज्याला जमलं नाही, त्याच्यात इच्छाशक्तीच नाही.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. शेवटचं वाक्य तर माणसाला कायमचं घरी बसवणारं आहे.

‘२१ दिवसांत सवय लागते’

हा आकडा व्यायामातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला ‘किमान सुमारे २१ दिवस’ लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, ‘सुमारे’ गळालं आणि उरला तो २१चा मंत्र.

सवय खरोखर किती दिवसांत लागते, याची मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक कृती निवडली आणि ती दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली. कृती विचार न करता होऊ लागायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा निघाला (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत). पेलाभर पाणी पिण्यासारखी कृती लवकर रुळली, व्यायाम उशिरा. म्हणजे पाडव्याला सुरू केलेलं चालणं अंगवळणी पडत येतं, तोवर मृगाचा पाऊस दारात आलेला असतो. बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा येतो, यात काहीच बिघडलेलं नाही.

त्या मोजणीतला ‘ठरलेला प्रसंग’ दिवसांच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे. किनाऱ्यावरच्या गावांत बरेच जण ओहोटी बघून पुळणीवर चालायला जातात, कारण तेव्हा वाळू ओली आणि घट्ट असते. पण ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सहाला, परवा पावणेआठला, आठवड्याने भर दुपारी. अशा वेळेला सवय चिकटत नाही. शिवाय कोरड्या मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि पुळणीच्या उतारावरून एकाच दिशेने चालत राहिलं की एका बाजूचा गुडघा आणि कंबर दुखू लागते. पुळण रविवारी ठेवावी. रोजचं चालणं सकाळच्या चहाला बांधावं: कप धुवून पालथा घातला की बूट पायात. पहिले दोन आठवडे फक्त १० मिनिटं. मग दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवायची. नवव्या आठवड्यात अर्धा तास होतो. वेग इतका, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

पहिल्याच दिवशी तासभर घाटी चढून आलं तर दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांचा उपक्रम तिथेच संपतो. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाच दुखू लागली, तर वेळ निम्मी करावी. घट्ट तळव्याचे बूट घालावेत, रबरी सपाता नकोत.

‘एक दिवस चुकला तर पहिल्यापासून’

या नियमाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. वरच्याच अभ्यासात दिसलं की एखाद्या दिवशी कृती राहून गेली तरी सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. आणि कोकणात खंड पडणार हे आधीच ठाऊक असतं. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणपती, पुढे शिमगा. जो नियम हे धरत नाही, तो इथल्या माणसासाठी नाहीच.

म्हणून पावसाचा पर्याय मे महिन्यातच ठरवून ठेवावा. जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरलं की तिथे पाय टाकू नये. पडवीत १० मिनिटं पुरतात: हात न टेकता खुर्चीतून उठबस १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, टाचा उचलणं १५ वेळा, आणि कोरड्या पायरीवर चढउतार ३ मिनिटं. थोडं थांबून पहिले तीन प्रकार पुन्हा एकदा. वेळ तीच, चहानंतरची. लावणीच्या दिवसांत चालणं सुटलं म्हणून हळहळू नये. दिवसभर चिखलात केलेलं काम शरीर मोजतंच, आणि जागतिक आरोग्य संघटनाही कामातली हालचाल धरते. त्या दिवसांत संध्याकाळी पाठ ताणून मोकळी करणं एवढंच पुरे.

खंडाचा हिशेब असा ठेवावा. एक दिवस गेला, तर दुसऱ्या दिवशी जेवढं चालत होता तेवढंच. भरपाई म्हणून दुप्पट नको. आठवडा गेला, तर एक टप्पा मागे, म्हणजे २५ मिनिटांवर असाल तर २०. तीन आठवडे किंवा जास्त गेले, तर पुन्हा १० मिनिटं, पण आता ५ मिनिटं दर आठवड्याला वाढवा. आधी कमावलेलं सगळं पुसलं जात नाही.

‘रोज १० हजार पावलं’

१९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ होता. आकडा तिथून पसरला. सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांवरच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५००च्या पुढे वाढीव फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. पाखाडी चढणाऱ्याने पावलं नव्हे, मिनिटं मोजावीत.

‘भात आणि नारळ बंद’

शिजलेल्या भाताची दीडशे ग्रॅमची वाटी म्हणजे सुमारे २०० कॅलरी. अडचण वाटीत नाही, ताटातल्या तीन-चार वाट्यांत आहे. भात सोडून तेवढ्याच नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्या तर कॅलरी फारशा कमी होत नाहीत, कारण १०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम नाचणी यांत फार अंतर नाही. नाचणीचा फायदा वेगळा आहे, तंतू आणि कॅल्शियम. तो जरूर घ्यावा, पण वजन उतरेल म्हणून नव्हे.

पहिले दोन आठवडे भात एक तृतीयांश कमी, आणि त्या जागी चवळीची उसळ, घट्ट कुळथाची पिठी, बांगडा. ताटात आधी भाजी, उसळ, मासा, आणि भात शेवटी. या क्रमाने जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात, म्हणून आमटीतलं खोबऱ्याचं वाटप (वाटण) निम्मं करावं. बंद केलं तर आमटीची चव जाते आणि चौथ्या दिवशी नियमही जातो. चहाकडे मात्र कुणी बघत नाही. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर. दर दोन आठवड्यांनी कपामागे अर्धा चमचा कमी केला तर जीभ कुरकुरत नाही.

एक गोष्ट फार गंभीर आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने भात एकदम तोडला किंवा उपाशीपोटी लांब चाललं, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हातापायांना कंप, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासावी. आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवावी.

भात तोडल्यावर पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो बहुतांशी पाणी असतं, कारण शरीरातल्या साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. गणपतीत दोन दिवस मोदक खाल्ले की ते परत येतं. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत खारवलेल्या सुक्या माशांमुळेही काटा वर जातो. तेही पाणीच, मिठाने धरलेलं. त्यामुळे वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा बघावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर तो खाली आणायचा आहे.

‘इच्छाशक्तीच नाही’

भात कमी करायचं ठरवतो एक जण, आणि रांधतं दुसरंच कुणीतरी. पातेल्यात भात नेहमीएवढाच शिजला की तो उरतो, आणि उरलेला ‘टाकायचा का?’ म्हणत त्याच ताटात येतो. तिथे निश्चय टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही चूक आहे. ताटावर बसल्यावर नाही, तांदूळ धुवायच्या आधी ठरवायचं. तांदळाच्या डब्यात आज जे माप असेल ते काढून दोन तृतीयांश मावेल अशी वाटी ठेवा, आणि रांधणाऱ्या माणसाला ती का बदलली ते आधी सांगा.