हबशी स्वार ‘लाइट हॉर्स’ नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डीबीए हा छोट्या पुतळ्यांनी टेबलावर जुन्या लढाया खेळायचा खेळ. त्यात हूल देऊन पळणारे स्वार म्हणजे ‘लाइट हॉर्स’ (एका बेसवर, म्हणजे तुकडीच्या पट्टीवर, दोन) आणि भिडणारे म्हणजे ‘कॅव्हलरी’ (तीन). मध्ययुगीन इथिओपियाची, म्हणजे हबशांच्या देशाची, त्यासाठी मी जी सैन्ययादी मांडली, तिच्याखाली तुम्ही लिहिलंत : “यांचे स्वार लाइट हॉर्सच हवेत. मलिक अंबर गनिमी काव्यानंच लढला ना? लिहिण्याआधी अर्धा तास वाचलं असतंत तर बरं झालं असतं.”

ते अर्ध्या तासाचं वाक्य मला लागलं. चूक दाखवा, हवी तितकी दाखवा, पण ही कुठली पद्धत? खुलताबाद माझं आजोळ. मलिक अंबरच्या कबरीपाशी माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या आहेत. हबशी कोण हे विचारत मी तिथूनच इथिओपियापर्यंत पोचलो, आणि गेली अकरा वर्षं 15 मिमीच्या फिगर (सैनिकांचे पुतळे) रंगवतो आहे. मला वाचायला सांगण्याआधी एवढं तरी विचारायचं होतंत.

एक चूक मान्य. पोर्तुगीज मसावा बंदरात उतरले ते 1541 मध्ये, मी 1542 लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता मलिक अंबर. तो लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि लढाई शिकला ती इथे, निजामशाहीत. 1624 ला भातवडीला त्याच्याबरोबर मराठे सरदार होते. तो गनिमी कावा या डोंगरांचा आहे. माणूस हबशी म्हणून त्याचं युद्धतंत्रही हबशी, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि त्यावरून तुम्ही त्याच्या दोनशे-तीनशे वर्षं आधीच्या सैन्याचा वर्ग ठरवणार?

इथिओपियाचा राजा अमदा सियोनची 1332 ची मोहीम घ्या, त्याच्यानंतरचा राजा झरा याकोबनं प्रांतोप्रांती बसवलेल्या चेवा पलटणी घ्या. ही राजाची कायमची फौज होती. प्रवासात खेचरावर बसायचं आणि घोडा मोकळा चालवत न्यायचा, तो लढाईसाठी ताजा राहावा म्हणून. घोडा असा जपणारा स्वार नुसता हूल देऊन पळायला आलेला नसतो. “पण भाले फेकायचे ना?” असं तुम्ही म्हणाल. फेकायचे. पण डीबीएत वर्ग हत्यारावरून ठरत नाही, रणांगणावर तुकडी कशी वागते त्यावरून ठरतो. भाले फेकून परत जमणारा आणि गरज पडली की भिडणारा स्वार म्हणजे कॅव्हलरी. नियम नीट वाचलात तर दिसेल. (बघा, आता मीही तुमच्यासारखंच बोलायला लागलो.)

माझ्या टेबलावरचा एक स्वार सांगतो. इथिओपियाचे स्वार अनवाणी चढत आणि रिकिबीत फक्त अंगठा अडकवत. बाजारातल्या फिगरला बूट होते. मी बारीक कानशीनं ते घासले, तारेची कडी वाकवून अंगठ्याला बसवली. एका पायाला एक संध्याकाळ गेली. असे बारा स्वार केले. बेसवर तीन-तीन बसवताना प्रत्येक वेळी विचार केला आहे, दोन हवेत की तीन.

तिरंदाज, बंदुकांची संख्या, छावणीचा तंबू यांवरचे तुमचे बाकीचे मुद्दे आवडीनिवडीचे आहेत, त्यात मी शिरत नाही. इथिओपियातली एखादी लढाई, 1445 ची गोमित किंवा 1529 ची शिंब्रा कुरे, पुढे ठेवून लाइट हॉर्सची बाजू मांडलीत तर मी तुमचं म्हणणं मूळ लेखात जोडेन. तोवर माझे स्वार तीन-तीनच राहतील.