बेचाळीस माणसं, तीन गिटार आणि एक गळका नळ

नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की वसईतल्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिली मिस्सा संपताच फादर घोषणा करतात, "जव्हारकडच्या बोर्डिंगला भेट द्यायची आहे. वापरण्याजोगे कपडे आणून द्यावेत." घोटाळा इथेच सुरू होतो. 'वापरण्याजोगे' याचा आमच्याकडचा अर्थ 'घरात आता कुणी वापरत नाही ते'.

गोण्या सोडून बघायचं काम युवा मंडळाचं, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या आम्हा चौघांचं. एकेका गोणीत काय निघेल सांगता येत नाही. लग्नातला ब्लेझर, तोही खांद्याला नॅप्थलीनच्या गोळ्या चिकटलेल्या. पहिल्या कम्युनियनचे पांढरे जाळीचे फ्रॉक, जे जव्हारच्या लाल मातीत दुपारपर्यंत गेरूने सारवल्यासारखे होतात. इलास्टिक मेलेल्या चड्ड्या. आणि दर गोणीत एक, फक्त एकच, मोजा. म्हणून आता तीन परीक्षा ठेवल्या आहेत. इलास्टिक ताणून बघायचं, चेन वरखाली करायची, कापड उजेडाकडे धरायचं. तिन्हीत पास झालेला कपडा धुऊन, वयाप्रमाणे वेगळा करून, गोणीवर मार्करने 'मुलगे, 8 ते 10' असं लिहायचं. हे नाही केलं तर ते बोर्डिंगच्या सिस्टरना करावं लागतं. त्यांच्याकडे तसंही दोनशे मुलांचं धुणं असतंच.

धुण्यावरून आठवलं. आपण रविवारी जातो, कारण आपल्याला सुट्टी असते. बोर्डिंगमध्ये रविवार हा डोक्यावरून आंघोळीचा, उवा काढायचा, नखं कापायचा आणि गणवेश धुवायचा दिवस. आम्ही येणार म्हणून हे सगळं शनिवारी उरकतात. मुलं इस्त्री केल्यासारखी रांगेत उभी करतात आणि आम्ही आपसांत म्हणतो, "किती स्वच्छ ठेवलंय हो!"

सुटायची वेळ सहाची. टेम्पो सव्वासात, बस आठ. शिरसाड फाट्याला चहासाठी दहा मिनिटं थांबायचं ठरतं, ती चाळीस होतात, कारण बेचाळीस माणसं आणि संडास एक. पुढे मनोर, मनोरहून विक्रमगड, मग घाट. अंड्यांचे ट्रे टेम्पोच्या मागच्या टोकाला ठेवू नयेत, खड्ड्यात मागचं टोकच जास्त उडतं. दोनशे मुलांना तिसाच्या ट्रेने सात ट्रे लागतात, दहा अंडी जादा. आम्ही सात नेले, पोचले साडेपाच. तेव्हापासून ट्रे ड्रायव्हरच्या पाठीमागे, खाली तांदळाचं पोतं.

तांदळाचंही एक गणित आहे आणि ते मी बिनचूक चुकवलं. शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचा सरकारी हिशेब माणशी कच्चा तांदूळ पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150. मी उदार मनाने सरसकट 150 धरले, दोनशे गुणिले दीडशे, तीस किलो. बासमती! हिशेबात मुलं होती. आम्ही बेचाळीस नव्हतो, शिक्षक नव्हते, सिस्टर नव्हत्या, ड्रायव्हर तर माणसांत धरलाच नव्हता. त्यात पुलाव आम्हीच करणार असा हट्ट. चुलीवरच्या मोठ्या पातेल्याखालचा जाळ आपल्या गॅससारखा कान पिळून कमी होत नाही, लाकडं ओढून काढावी लागतात, आणि ती कधी ओढायची हे स्वयंपाकाच्या मावशींना माहीत. त्यांना आम्ही "आज तुम्ही आराम करा" म्हणून बाहेर बसवलं होतं. खालचे चार बोट पुलाव करपला. मावशी उठल्या, मुकाट्याने जाडा तांदूळ धुतला आणि वरणभात टाकला. मुलांनी दोन्ही खाल्लं. तिसऱ्यांदा वाढून घेतलं ते वरणभातच.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. स्वागतगीत, मग आमची गाणी, मग पाच भाषणं. भाषण जितकं लांब तितकी पहिलीतली मुलं एकमेकांवर कलतात. फोटो काढायचे नाहीत हे सिस्टर फाटकातच सांगतात, आणि ते बरोबर आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असं काही छापणं हा 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कळल्यावर आमच्यातले निम्मे मनातून खट्टू झाले. मग लोकांनी पातेल्याचे फोटो काढले.

वह्या. आम्ही दोनशेपानी एकरेघी नेल्या, छान जाड. पण पहिली-दुसरीला मराठीसाठी दुरेघी लागते, इंग्रजीसाठी चाररेघी, गणिताला चौकटीची. एकरेघी वह्या आमच्या आधी दोन गटांनी वाटल्याच होत्या. सिस्टर कोठीचं दार उघडून एवढंच म्हणाल्या, "इथे ठेवा. जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते."

मी धीर करून विचारलं, "सिस्टर, खरं काय आणायला हवं होतं?" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. अर्धा इंची तोट्या सहा, वॉशर डझनभर, संडासाच्या दारांना कड्या आठ, पंधरा लिटरच्या बादल्या, अडीच फुटी खाटांच्या चादरी (आम्ही डबलबेडच्या दिल्या होत्या), आणि चपला, पण प्रत्येक पावलाचं माप कागदावर काढून. "फोन केला असता तर कळवलं असतं हो." फोन मीच करायचा होता.

आमच्यात गाणारे नऊ, गिटारवाले तीन, भाषणवाले पाच. प्लंबर एकही नाही. आंघोळीच्या ओट्यावरचा नळ धार धरून गळत होता. मुलं तो जीव खाऊन पिळतात, रबरी वॉशर चेपतो, मग आणखी पिळतात. आम्ही तिघे त्याच्याभोवती गंभीर चेहऱ्याने उभे राहिलो. एकाने पाना लावला आणि तोटी हातात आली. मुख्य कॉक बंद करायचा असतो, हे तोंडावर पाणी आल्यावर सुचलं. शेवटी टेम्पोचा ड्रायव्हर आला. टाकीखालचा कॉक बंद केला, टायरच्या ट्यूबचा तुकडा कातरून वॉशर केला, आट्यांवर दोरा गुंडाळला. वीस मिनिटं. दिवसभरात आमच्या हातून झालेलं तेवढंच काम, आणि तेही त्याने केलं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "टेम्पो रिकामा जातोय ना?" आणि दोन गोण्या चढवल्या. मागच्या वर्षीचे ब्लेझर. गोणीवर अक्षर माझंच.

मग पाचवीतली एक मुलगी प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. दिवाळीनंतर इकडचे आईबाप वीटभट्ट्यांवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात, पोरं बोर्डिंगला राहतात. पिशवीत आम्हीच सकाळी वाटलेला बिस्किटांचा पुडा, न फोडलेला, आणि आमचीच एक एकरेघी वही. "काका, आईला द्याल? वही धाकट्याला."

"कुठल्या भट्टीवर?"

"शिरसाड फाट्याची. चहाची टपरी आहे ना, तिच्या मागची."

सकाळी चाळीस मिनिटं आम्ही तिथेच उभे होतो.