खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : चुना, कौले आणि दहा फूट रस्ता

खानापूरकर, नमस्कार.

वेंगुर्ल्याच्या जुन्या पेठेतल्या घरांच्या दुरुस्तीवरच्या आमच्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी सुनावल्या आहेत. समुद्रकाठच्या गावाचे उपाय घाटावर, बेळगाव जिल्ह्यातल्या तुमच्या खानापुरात, काय कामाचे? चुना ही हौशी लोकांची चैन, सिमेंटने तेच काम चार दिवसांत होते. आणि पेठ मरते ती गाडी लावायला जागा नसल्याने, तेव्हा दोन्ही बाजूंची दुकाने दहा-दहा फूट मागे घ्या, पुढचे आपोआप होईल. पहिल्या मुद्द्यावर तुम्ही अर्धे बरोबर आहात, दुसऱ्यावर थोडे, तिसऱ्यावर अजिबात नाही.

वेंगुर्ले हे घाटमाथ्याचेच बंदर. बेळगावचा माल आंबोलीच्या घाटाने तिथे उतरायचा. १८८८ साली कॅसलरॉकवरून गोव्यातल्या मार्मागोवा बंदराची रेल्वे सुरू झाली आणि माल लोंढा जंक्शनकडे वळला. वेंगुर्ल्याचे जे गेले ते तुमच्याच स्टेशनावरून गेले म्हणा की! पण हे झाले इतिहासाचे. भिंतीला एवढेच कळते की दोन्हीकडे जांभा आहे, दोन्हीकडे कौले आहेत आणि दोन्हीकडे पाऊस झोडपतो. फरक खाऱ्या हवेचा, आणि तो आम्ही नीट सांगितला नाही, ही चूक मान्य. भिंतीतले मीठ ओल्या मातीचा लेप लावून शोषून घेण्याचा उपाय आम्ही सरसकट लिहिला. तुमच्याकडे तो मोजक्याच ठिकाणी लागेल : किराणा मालाच्या जुन्या वखारीत, जिथे वर्षानुवर्षे मिठाची पोती भिंतीला टेकून होती, किंवा मागच्या बाजूला, जिथे मोरीचे पाणी पायात मुरते. भिंतीवर पांढरे दिसले की पाण्याचा थेंब लावून बघा. विरघळले तर मीठ, नाही तर बुरशी.

आता चुना. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की दोन-तीन पावसाळ्यांत केसासारख्या चिरा पडतात. पाणी त्यांतून आत जाते, पण बाहेर यायला गिलाव्यातून वाट नसते. मग ओल आतल्या अंगाला, नाही तर वर चढते. पोपडा सुटतो तेव्हा सिमेंटबरोबर जांभ्याचा थरही सोलून येतो. गवंडी म्हणतो दगड कुजला. दगड कुजलेला नसतो, कोंडलेला असतो.

चुन्याचे काम बिघडते ते घाईने. कळीचा चुना विरवून, गाळून, पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवावा लागतो. नीट न विरलेली खडी राहिली की गिलावा झाल्यावर ती फुगते आणि भिंतीला देवीच्या वणासारखे खड्डे पडतात. प्रमाण घमेल्याने मोजा : एक भाग चुना, तीन भाग नदीची धारदार वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातून मीठ तुम्ही स्वतःच भिंतीत घालाल. पायाजवळ, जिथे ओल कायमची, तिथे एक चुना, एक सुरखी (विटेची पूड), एक वाळू. सुरखी तुमच्या गावात फुकट पडलेली असते, वीटभट्टीच्या तुकड्यांची. फक्त जळून काळपट पडलेली वीट दळू नका. ती चुन्याशी नीट धरत नाही, मऊ भाजलेली तांबडी धरते.

दगडांमधले जुने दर्जे, म्हणजे सांधे, इंचभर खोल खरवडायचे, भिंत आदल्या संध्याकाळी भिजवायची आणि मगच भरायचे. गिलावा दोन थरांत : खालचा १२ मिलिमीटर, वरचा ६ ते ८. आठवडाभर ओली गोणपाटे. सिमेंट भिजवून धरले की पाण्यावर घट्ट होते, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. वर ऑइल पेंट मारला तर तीही वाट बंद. विरलेल्या चुन्याचे पातळ हात द्या, तीन ते पाच. आणि जूनमध्ये हे काम सुरू करणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही.

तुमचे थोडे खरे ते इथे : जिथे लोखंडी तुळई नव्याने टेकवायची आहे, तिथे टेकूखाली सिमेंट काँक्रीटचा ठोकळाच हवा. 'सगळीकडे चुना' हे आमचे वाक्य आम्ही मागे घेतो.

पण ही सगळी भिंतीची गोष्ट दुसऱ्या नंबरची. पेठेत आधी गळते ते छप्पर. छप्पर गळले की माळा रिकामा होतो, माळ्याचे भाडे बंद होते, खालच्या दुकानाचे भाडे आजोबांच्या काळातले, मग मालक छपराला हात लावत नाही. या चक्रात पेठ बसते, गाड्यांमुळे नव्हे. म्हणून समोरून रंगरंगोटी करण्याच्या योजना आम्हाला पटत नाहीत. वर माकडे कौले फोडताहेत आणि खाली नवा बोर्ड चमकतोय, याला काय अर्थ?

तुम्ही सुचवलेले दहा फूट बघू. पेठेतले घर साधारण बारा फूट रुंद आणि तीस फूट खोल धरा. पुढची भिंत नुसता पडदा नसते. माळ्याची बहालं (तुळया) आणि पुढची पाखी (छपराची उतरती बाजू) तिच्यावर टेकलेली असते. ती कापली की पाखीचा उतार मोडतो, पाणी नव्या जोडावर साचते, तिथे पत्रा येतो, पत्र्याखाली माळा तापतो आणि तिथे कुणी राहत नाही. तीस फुटांतले दहा गेल्यावर उरलेल्या वीस फुटांत दुकान चालवायचे आणि वखारही ठेवायची, हेही जमत नाही.

जागेचे म्हणाल तर आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते एक, दर तासाला उभ्या गाड्या मोजा आणि चाकांवर खडूने खूण करा. नऊला असलेली गाडी एकलाही तिथेच असेल तर ती गिऱ्हाइकाची नाही. बहुतेक वेळा ती दुकानदाराचीच निघते, किंवा त्याच्या पोराची. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर लागतात, तेवढ्यात सहा दुचाक्या बसतात. दुकानदारांच्या गाड्या पेठेबाहेर गेल्या तर फूटभरही पाडायला नको.

रस्त्याचा खरा त्रास रुंदीचा नाही, उंचीचा आहे. दर वेळी जुन्या डांबरावर नवा थर, मग त्यावर काँक्रीट. ओटा जिथे दोन पायऱ्या वर होता तिथे आता रस्त्याच्या बरोबरीला आला, आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी दुकानात. निविदेत 'जुना थर खरवडून मगच नवा' एवढे लिहून घ्या, आणि गटाराला शंभर फुटांना निदान सहा इंच उतार. काम झाल्यावर नव्हे, काँक्रीट ओतण्याआधी दोरी लावून तपासा.

बोर्डाबद्दल एका ओळीत : लेखातला वेंगुर्ल्याच्या दुकानांच्या बोर्डाचा नमुना तुमच्याकडे चालणार नाही. कर्नाटकात कन्नड भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार बोर्डाच्या वरच्या भागात ६० टक्के कन्नड हवे. त्याखाली मराठी लिहायचे तर बोर्ड सुरुवातीपासून त्या मापाने करा, नाही तर नंतर जोडलेला तुकडा माळ्याची खिडकी झाकतो आणि वारा बंद होतो.

तुम्ही शेवटी खर्च विचारला आहे. दर आम्ही सांगत नाही, तो महिन्याला बदलतो. माप सांगतो. बारा बाय तीसचे घर, उतार आणि पागोळ्यांचा भाग धरून छप्पर सुमारे ४५० चौरस फूट, म्हणजे ४२ चौरस मीटर. मंगलोरी कौले चौरस मीटरला १५ या हिशोबाने ६३० लागतील. निम्मी जुनी धड निघाली तर फूटतूट धरून साडेतीनशे नवी घ्या. घेण्याआधी जुने एक कौल कारखान्यात नेऊन नव्याला अडकवून बघा. वेगवेगळ्या छापाची कौले एकमेकांत बसत नाहीत, रिपांचे, म्हणजे कौले टेकतात त्या पट्ट्यांचे, अंतरही चुकते. न बसली तर रस्त्याकडच्या पाखीवर सगळी जुनी, मागच्या पाखीवर सगळी नवी, आणि मागच्या रिपा नव्या कौलाच्या मापाने ठोकायच्या. वासे जिथे भिंतीत शिरतात तिथे सुतार हातोडीने ठोकून बघेल. बोदा आवाज आला तर कुजलेला भाग कापून सागाचा तुकडा सांधायचा, अख्खा वासा टाकायचा नाही. कौलांची मागणी जानेवारीत नोंदवा. मार्चअखेर दोन्ही पाख्या बंद झाल्या पाहिजेत, वळीव काही विचारून येत नाही.